न वाचलेल्या सात ओळी

मी, सगुणाबाई, नवरा नथू मरगळे, वय वर्षे वीस, राहणार घोटावडे, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, हे स्वतःच्या अक्षरात लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. आठवा महिना चालू आहे. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचले, म्हणून आताच लिहून ठेवते. घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, तेव्हा चुका असतील तर त्या माझ्याच.

१. माहेरहून आलेल्या तीन शेळ्या माझ्या मालकीच्या. मूल जगलं तर त्याच्या, नाहीतर धाकटी जाऊ साळूबाई हिच्या. काळी शेळी धार काढताना लाथ मारते, हे तिला आधी सांगावं.

२. चांदीचे वाळे आई धोंडाबाईला परत. नवीन घोंगडं नथूला. त्यांनी दुसरं लग्न करावं, माझी हरकत नाही. (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.)

३. सासूबाई तानूबाई यांनी माझी पाटी फोडून चौकट चुलीत घातली. मनात काही ठेवत नाही, पण लिहून ठेवते. माझी पुस्तकं पौडच्या शाळेला द्यावीत.

४. आता दादाच्या पत्राविषयी. माझा भाऊ जयसिंग आणि शेजारचा बहिरू मोठ्या लढाईत मुंबईहून बोटींवर लागले. दादा पहाऱ्याच्या बोटीवर, बहिरू कोळशाच्या. १९१८ साली दादाने मुंबईच्या इस्पितळातून पत्र लिहवून पाठवलं. पुढे तो तिथेच तापाने गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची. पत्रं मीच वाचायची, सगळी वाडी अंगणात येऊन बसायची.

पत्रात होतं: शत्रूची पाणबुडी पाण्याखालून येते, दिसत नाही. तिच्यावर सुरुंगाच्या दारूची पिंपं टाकतात. एका पिंपात पावणेचार मण दारू. किती खोल गेल्यावर फुटायचं ते किल्लीने आधी ठरवायचं. मग पाण्याच्या दाबानेच ते फुटतं. नेम चुकला तरी धक्क्याने पाणबुडीचे सांधे उखडतात, निदान ती खाली दबून राहते आणि बाकीच्या बोटी निसटतात. टाकणाऱ्याने मात्र जोरात पुढे पळायचं, नाहीतर आपलीच बोट फुटते.

"दुश्मनाची नाव फोडली पोरानं!" माझे वडील आबा ओरडले. "वाच गं, फुडं वाच!"

पुढे सात ओळी होत्या. कोळशाची बोट बुडाली होती, तिची माणसं पाण्यात पोहत होती. त्यांच्यात बहिरू. त्याने ओळखून हाक मारली, "जयसिंगा!" पाणबुडी त्यांच्याच खाली आहे, असा दादाच्या बोटीवरच्या साहेबाचा अंदाज होता. साहेबाने हात खाली केला, दादाने पिंप सोडलं. किल्ली तेरा पुरुष, म्हणजे तेरा माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर लावलेली. अंगावर ओरखडा नाही, पण पोहणारे सगळे आतून फुटले. पाणबुडी फुटली की तेल वर येतं, ते काही आलं नाही. पाणबुडी तिथे नव्हतीच, असं दादाला वाटत होतं.

बहिरूची बायको, चिमावहिनी, पुढे सरकली. "आमच्या मान्साचं काय लिवलंय गं?"

आई हसत होती. मी पत्राची घडी घातली. "काय न्हाई लिवलं, वैनी."

त्या दिवशी बिरोबाला बकरं कापलं.

५. तेव्हापासून विहिरीत घागर आपटली की माझ्या पोटात धक्का बसतो. नदीत डोकं बुडवून मी आंघोळ केलेली नाही. वरच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढतं आहे. लोक किती पुरुष झालं ते सांगतात आणि मी तेराची वाट पाहते.

चिमावहिनी अजून कुंकू लावते. वाडीतल्या कोंडिबाने तिला पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी विचारलं, तर पंच म्हणाले, "बेपत्ता हाय, मेला न्हाई. बारा वरसं हुं द्या." तीन उरली आहेत. कोंडिबा थांबेल असं दिसत नाही.

माझ्या पश्चात ते पत्र तिला द्यावं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी जगले तर तिने आणखी थांबायचं, हे बरोबर नाही. शिवाय पौडच्या कचेरीबाहेरचा अर्जनवीस सांगतो की, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. म्हणून चिमावहिनीला मी यातून काहीच देत नाही. पत्र आजच हातात दिलं, आणि साक्षीला तिलाच बोलावलं.

सगळं वाचून दाखवलं.

"हाक जयसिंगालाच मारली?"

"व्हय."

"माझं नाव घेतलं न्हाई?"

मला पुन्हा खोटं बोलावंसं वाटलं. "पत्रात न्हाई, वैनी."

"बरं," ती म्हणाली. "अंगठा कुटं लावू?"

सही: सगुणाबाई नथू मरगळे

साक्ष: चिमाबाई, बहिरूची विधवा, डाव्या हाताचा अंगठा
साक्ष: धुळाजी मरगळे, अंगठा

मुक्काम घोटावडे, तारीख ९ नोव्हेंबर १९२७