पंपघरामागचा स्वतंत्र विभाग

३ मार्च, रविवार. सकाळी ९.१५

निवृत्त होऊन आज बेचाळीस दिवस. साबणाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात एकतीस वर्षं काढली. माझ्या नजरेखालून एकही खराब वडी बाहेर गेली नाही. आता घराकडे लक्ष द्यायचं म्हटलं, तर सकाळी घरात माणूसच नसतं. ही रोज सहाला तळ्याकाठच्या बागेत जाते. तिथे सात-आठ जणांचं एक मंडळ आहे. फुकट राबतात. गवत काढतात, झाडं लावतात, पालापाचोळा कुजवतात. साडेआठला परत येते तेव्हा नखांत माती. चपलेला काय लागलेलं असतं ते मी बघतच नाही.

आज बाल्कनीत एका डब्याचं झाकण उघडलं. आत गांडुळं. जिवंत, शेकड्यांनी, एकमेकांत गुंतलेली. झाकण लगेच लावलं. ही म्हणाली, बागेतल्या खतखड्ड्यासाठी वाढवतेय. विचारलं, कधीपासून? म्हणाली, दोन वर्षं झाली.

दोन वर्षं माझ्या बाल्कनीत गांडुळं, आणि मला कोणी सांगितलं नाही.

निश्चय: मंडळात दाखल व्हायचं. पंधरा दिवसांत शिस्त लावायची. एकदा घडी बसली की हिला रोज जायची गरज उरणार नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, तुम्हाला झेपणार नाही, तिथे घाण असते. म्हटलं, म्हणून तर येतोय.

५ मार्च, मंगळवार. सकाळी १०

पहिला दिवस. उत्तम सुरुवात.

मंडळाच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य बाई. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातलेले, त्यामुळे त्यांना कशाचीच किळस नाही. ओल्या हातमोज्यानेच माझा हात हातात घेतला. मी नंतर हात दूर धरून उभा राहिलो, तर त्यांना वाटलं खांदा दुखतोय.

आजचं काम तळ्यातली जलपर्णी काढणं. सगळे गुडघाभर पाण्यात. पाणी कसलं, काळा लगदा. वास असा, की कारखान्याच्या गटाराची आठवण यावी आणि ते बरं वाटावं. मी काठावरून मार्गदर्शन केलं. कोणीतरी करायलाच हवं. मंडळात एक शिंपी आहे, सदा हसतमुख. काही विनोद झालेला नसतानाही हसतो. त्याने एक गठ्ठा माझ्या हातात दिला आणि त्यातून काहीतरी निघून बाहीत शिरलं. काय होतं ते कळलं नाही. कळून घ्यायचंही नाही.

सगळ्यात भयंकर प्रकार चहाचा. माणसं आठ, कप तीन. आळीपाळीने पितात. मधे नळाखाली नुसती विसळणी. शिंपी प्यायला, आणि त्याच कपातून ही प्यायली. घरात मी एकदा तिच्या ग्लासातून पाणी प्यायलो होतो तेव्हा तो बदलून घेतला होता तिने. मी पाहिलं. 

घरी येऊन तीनदा आंघोळ. उद्या विश्रांती. पहिल्याच दिवशी फार झोकून दिलं.

९ मार्च, शनिवार. सकाळी ९.४५

बुधवार ते शुक्रवार गेलो नाही. कंबर. पण वेळ वाया घालवला नाही. अहवाल लिहिला. चार पानं, त्रुटी सत्तेचाळीस. कपांपासून सुरुवात केली.

आज चहाच्या वेळी वाचून दाखवला. सगळे शांत ऐकत होते. परिणाम होतोय हे दिसत होतं. वाचून झाल्यावर दंतवैद्य बाई म्हणाल्या, मी अख्ख्या बत्तीशीवर कधी चार पानं लिहिली नाहीत. सगळे हसले.

त्यात एक हसणं माझ्या पाठीमागून आलं. मोकळं, घोगरं, थोडं लांबलेलं. कोण नवीन बाई आली म्हणून वळून पाहिलं, तर ही.

चौतीस वर्षांत हे हसणं ऐकल्याचं आठवत नाही. कदाचित कारखान्यात यंत्रांच्या आवाजात राहून माझ्या कानावर परिणाम झाला असेल. कान तपासून घ्यायला हवेत.

अहवालाची प्रत बाईंकडे दिली. त्यांनी त्यावर भिजवलेल्या बिया वाळत घातल्या.

१२ मार्च, मंगळवार. सकाळी ९.३०

आज पक्षी बघायला फेरी. पक्षी हा अतिशय घाणेरडा प्राणी आहे. बसतो तिथेच करतो. हे मी सगळ्यांना सांगत असतानाच माझ्या खांद्यावर पुरावा पडला. शिंप्याने पान काढून पुसलं आणि तेच पान खिशात ठेवलं. का ठेवलं, विचारलं नाही.

फेरी कोण घेतं? ही. दुर्बीण गळ्यात. डोळे मिटून आवाज ऐकते आणि सांगते, हा अमुक, तो तमुक, मादी आहे, पिलं जवळ असणार. लोक कुजबुजतसुद्धा नाहीत. मी झाडावरचा एक घुबडासारखा पक्षी दाखवला. ती म्हणाली, प्लास्टिकची पिशवी आहे. दुर्बिणीतून पाहिलं. पिशवी होती. पण वाऱ्याने मान हलवत होती.

घरी विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, सहा वर्षं झाली. मी सांगायचे तुम्हाला तेव्हा. जेवताना.

आठवत नाही. जेवताना माझं लक्ष जेवणाकडे असतं. ते असायलाच हवं.

१६ मार्च, शनिवार. रात्री ९

आजचा दिवस नीट नोंदवून ठेवतो. पुढे गैरसमज व्हायला नको.

बागेचा खतखड्डा कोपऱ्यात आहे. दहा फूट लांब. त्यात पाला, शेण, भाजीचा कचरा आणि हिची गांडुळं. वरून बघावं तर सगळं हळूहळू हलतंय. जवळून जाताना मला दोनदा कोरडी ओकारी आली. सार्वजनिक जागी असली गोष्ट उघडी ठेवणं हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे. मी एकतीस वर्षं स्वच्छतेच्या धंद्यात काढली. मला कोणाची परवानगी घ्यायची गरज वाटली नाही.

सकाळी सव्वापाचला, कोणी यायच्या आत, फिनेलचे दोन डबे ओतले. कडेने, मधे, सगळीकडे. वास एकदम गेला. काय ताजं वाटलं.

साडेसहाला मंडळ जमलं. शिंपी पहिल्यांदाच हसला नाही. दंतवैद्य बाईंनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आभार मानायची गरज नाही.

ही पुढे आली. खड्ड्यापाशी बसली. हाताने खत बाजूला करू लागली. हातमोजे नाहीत. एकेक बोट घालून शोधत होती. जिवंत सापडलं की ओल्या फडक्यावर ठेवत होती. मी म्हटलं, अगं, हात खराब होतील. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. दीड तासात अकरा सापडली.

डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. फिनेल उग्र असतं.

घरी दिवसभर बोलणं नाही. जेवण वाढलं. भात थोडा कच्चा होता, पण मी चूक काढली नाही. समजूतदारपणा म्हणतात तो हाच.

१८ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

अखेर कदर झाली.

दंतवैद्य बाईंचा फोन आला. मंडळाने ठरवलंय म्हणाल्या, तुमच्यासारख्या माणसाला स्वतंत्र जबाबदारी हवी. तळ्याच्या पलीकडे, पंपघरामागची सगळी पट्टी माझ्याकडे. पूर्ण अधिकार. वेळ संध्याकाळी साडेचार, सकाळच्या कामाशी गोंधळ नको म्हणून. मदतनीस विचारला. म्हणाल्या, तुमच्या गतीने कोण चालणार?

खरं आहे.

दाताळं एक, पाटी एक मिळाली. हिला सांगितलं. ती म्हणाली, छान झालं. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. राग निवळला वाटतं.

योजना: एका महिन्यात आदर्श विभाग. बागेच्या फळ्यावर माझं नाव, हुद्दा. मंडळ आपण होऊन शिकायला येईल.

२४ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

विभाग प्रमुख म्हणून पहिला आठवडा. प्रगती समाधानकारक. कचऱ्याच्या भरलेल्या पाट्या दोन.

पंपघराच्या मागे माणूस काय काय टाकू शकतो यावर कोणीतरी ग्रंथ लिहावा. केसांचे पुंजके. अर्धी चावलेली चप्पल. एक गादी, जिच्यात काहीतरी राहतं. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या एकावर एक, थर मोजता येतील अशा. दाताळ्याने एक पिशवी ओढली, ती फाटली, आणि मग पंधरा मिनिटं मी पंपघराच्या पायरीवर डोकं खाली घालून बसलो.

मंगळवारी गेलो नाही, ढग होते. बुधवारी ऊन होतं. गुरुवारी कंबर.

तळ्याच्या या बाजूने पलीकडचं सगळं दिसतं. संध्याकाळी तिकडे कोणी नसतं. सकाळी असतं, पण सकाळी मी नसतो.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

बागेचा माळी बिडी ओढायला पंपघराकडे आला. मी काम करताना पाहून म्हणाला, साहेब, हे कशाला करताय? म्हटलं, माझा विभाग आहे. तो म्हणाला, ही जागा बागेत येतच नाही. कुंपण त्या बाजूला आहे. ही पाणीखात्याची जागा, कोणी साफ करत नाही, करायचीही नसते.

म्हटलं, मंडळाने दिलीय. तेव्हा तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, ताईंनीच सांगितलं होतं ना बाईंना. ह्यांना कुठंतरी लांब द्या, नाहीतर मीच येणं बंद करते.

माळी अशिक्षित आहे. त्याच्या ऐकण्यात चूक झाली असणार. ताई म्हणजे दुसरी कोणी ताई.

मंडळात दुसऱ्या कोणाला ताई म्हणत नाहीत.

२९ मार्च, शुक्रवार. सकाळी ९

ही बागेतून आल्यावर सरळ विचारलं. वाटलं, नाही म्हणेल.

म्हणाली, हो, मीच सांगितलं. चहा गाळता गाळता. आवाज चढवला नाही. म्हणाली, तुम्ही एकतीस वर्षं सकाळी सातला कारखान्यात जायचात. संध्याकाळी यायचात आणि घर तपासायचात. भांडी, पडदे, मुलीची वही, माझी भाजी. मी कधी म्हटलं, तपासू नका? बागेत मला कोणी तपासत नाही. सकाळचे दोन तास माझे आहेत. तेवढे मला ठेवा.

मी म्हटलं, गांडुळांबद्दल बोलतेयस का?

म्हणाली, गांडुळांबद्दलही.

मग चहा दिला. चहात साखर कमी होती. नोंद करतोय, बोललो नाही.

निर्णय: राजीनामा. मी गेल्यावर कळेल.

२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११

राजीनामा तीनदा लिहिला. पहिला कडक, दुसरा हृदयस्पर्शी, तिसरा दोन्ही. सकाळी मंडळासमोर दिला. विनंत्या होतील, तेव्हा काय बोलायचं हेही ठरवलं होतं. आधी नाही म्हणायचं. मग दोन दिवस मागायचे.

दंतवैद्य बाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, बरं. शिंपी म्हणाला, दाताळं घेऊन आलात का, इकडे एक कमी पडतंय.

दाताळं आणून दिलं. पाटीही.

परत फिरताना खतखड्ड्यापाशी थांबलो. ही खत वरखाली करत होती. नवा पाला, नवं शेण. हलत नव्हतं काही. तरी तिकडे बघवेना. ऊन डोळ्यांवर येत असेल.

६ एप्रिल, शनिवार. दुपारी ४

काल संध्याकाळी हिच्याशी वाटाघाटी केल्या. म्हटलं, मी घरी बसून काय करू? ती भाजी निवडत होती. म्हटलं, कप विसळायचं काम असेल तरी चालेल. तिचा हात थांबला. बराच वेळ माझ्याकडे पाहत होती, माल घ्यावा की न घ्यावा अशा नजरेने. ती नजर मला ओळखीची वाटली.

मग म्हणाली, रविवारी या. पण बोलायचं नाही.

म्हटलं, अजिबात?

म्हणाली, अजिबात.

म्हणजे एक पूर्ण वार मिळवला. सुरुवातीलाच एवढं फार कोणाला मिळत नाही.

उद्या रविवार. ऐनवेळी चूक नको म्हणून सराव आज सकाळपासूनच सुरू केला. सहापासून एक शब्द बोललो नाही. नाश्ता झाला, जेवण झालं, वर्तमानपत्र झालं. दहा तास झाले.

हिच्या अजून लक्षात आलेलं नाही.