बोरवाडीला धीर देताना

सोमवार, ४ ऑगस्ट. दिल्ली.
उद्या शून्य प्रहरात माझा विषय. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला बोरवाडी आहे. तिच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली आहे. वाडी हलवा, एवढंच मागायचं. खासदार होऊन वर्ष उलटलं, सभागृहात अजून बोललो नाही. विरोधक म्हणतात घाबरतो. मी योग्य विषयाची वाट बघत होतो. उद्या दिल्ली हादरेल. आरशासमोर प्रॅक्टिस केली. दोनदा आवाज गेला. इथलं पाणी सोसत नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट.
नाव पुकारलं. उभा राहिलो. माइकचा दिवा लागला आणि छाती अशी धडधडायला लागली की तेच सगळ्यांना ऐकू जातंय असं वाटलं. 'अध्यक्ष महोदय' म्हणालो. पुढचं सगळं पाठ होतं. बसलो. पुढच्या सदस्याचं नाव घेतलं गेलं. शेजारच्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला.
तरी सुरुवात जोरदार झाली. 'अध्यक्ष महोदय' खणखणीत होतं.
बायकोचा, सोनालीचा फोन. तिने टीव्हीवर बघितलं. बरं वाटत नाही का, विचारत होती. ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

बुधवार, ६ ऑगस्ट.
जानकीबाईंचा फोन. बोरवाडीचा बचत गट चालवतात. भेग पहिल्यांदा त्यांनीच मला दाखवली होती. पावसाने ती रुंदावली, गोठ्याची भिंत कलली म्हणाल्या. लोक हायवेपलीकडच्या शाळेत राहायला निघाले होते. पण साहेबांनी दिल्लीत विषय काढलाय, आता सरकारच काय ते करील, म्हणून थांबले. काय झालं दिल्लीत, असं विचारत होत्या.
प्रतिसाद सकारात्मक आहे, म्हणालो. शनिवारी मी स्वतः येतो, वाडीत मुक्काम करतो, कुणी घाबरायचं नाही, असंही म्हणालो. हे शेवटचं तोंडातून कसं गेलं कळलं नाही.
अख्खी वाडी माझ्या शब्दावर थांबली आहे. अभिमान वाटला. मग हात गार पडले. एसी बंद करायला लावला.

गुरुवार, ७ ऑगस्ट.
माझा पीए दीपक सरळ म्हणाला, साहेब, फोन करून सांगा त्यांना, आजच खाली उतरा म्हणून. म्हटलं, घबराट पसरेल. शिवाय विचारतील, मग दिल्लीत काय झालं? हे दुसरं त्याला बोललो नाही.
मुक्कामाची पोस्ट त्याने कालच फेसबुकवर टाकली आहे. बदलायला लावली. 'मुक्काम' काढून 'धावती भेट' घातलं. शनिवारी इतरही कामं असतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. महाड.
घरी पोचलो. पाऊस. दारात माणसं बसलेली; बदली, रेशन, मुलाची ॲडमिशन. आज सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. एरवी इतका वेळ देत नाही. उद्याही दिवसभर यांच्यासाठी बसावं असं फार वाटलं. जनता आधी. दीपक म्हणाला, बोरवाडीपण जनताच आहे. हल्ली जास्त बोलतो.

शनिवार, ९ ऑगस्ट. दुपारी.
निघतोय. हेल्मेट घेऊ का, विचारलं. वाईट दिसेल, दीपक म्हणाला.

त्याच दिवशी, संध्याकाळी. शाळेतून.

सगळी वाडी देवळासमोर जमली होती. म्हाताऱ्या हैबतींनी नारळ दिला. पाठीमागे डोंगर. मी त्याच्याकडे न बघता बोललो. छान बोललो. डोंगर आपला बाप आहे, बाप पोरांच्या अंगावर येत नाही, मी इथे उभा आहे तोवर कुणी जागचं हलायचं नाही. टाळ्या पडल्या.
तेवढ्यात वरून एक धोंडा गडगडत आला. फार मोठा नव्हता. देवळामागे थांबला.
त्यानंतरचं सलग आठवत नाही. पायवाट आठवते, चिखल आठवतो, एक बूट गेला ते आठवतं. हायवे कसा ओलांडला देव जाणे. शाळेच्या पायरीवर येऊन मागे बघितलं तर सगळी वाडी माझ्या मागे पळत येत होती. बायका, कडेवरची पोरं, हैबतींना पाठीवर घेतलेला दीपक. सोडलेल्या गुरांच्या घंटा.
जानकीबाईंनी घराघराची माणसं ताडून बघितली. कुणी मागे राहिलं नव्हतं.
मग आवाज झाला. ढगासारखा, पण थांबेना. धूळ नाही, नुसता लाल चिखल. देऊळ गेलं. घरं गेली.
 एक बाई हळूच म्हणाली, "चूल पेटलेली ठेवली व्हती गो."

रविवार, १० ऑगस्ट. शाळा.
चॅनेलवाले आले. 'खासदारांच्या नेतृत्वामुळे वाडी वाचली' असं दीपकला लिहायला सांगितलं. तो कागद घेऊन बसून राहिला. मग जानकीबाईंनाच पुढे केलं.
त्या कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "सायबांचं उपकार हायत. ते थांबले असते तर आमी पन थांबलो असतो."
त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. डोळे सुजलेले होते.
वाक्य चांगलं आहे. पहिला अर्धा भाग वापरता येईल.
दुपारी वर्गात सगळ्यांच्या मधोमध उभा राहिलो. धीर द्यायला दोन शब्द बोलावेत म्हणून. सुरुवात केली आणि बाहेर हायवेवर ट्रकने खडी ओतली. कळलं तेव्हा मी दाराबाहेर पायरीवर होतो. या वेळी मागे कुणीच आलं नव्हतं.
हैबती काठी टेकत आले. माझ्या दंडाला धरलं. हात त्यांचाही गार होता.
"चला, बसा आत," म्हणाले. "टरक हाय तो. हितं डोंगर नाय."
आत गेलो. त्यांनी चटईवर सरकून जागा केली. बसलो.