वर्षालीच्या चित्रातलं कुलूप

अहो,

"मुलांना 'माझं घर' काढायला सांगू नकोस गं, घरातलं सगळं भिंतीवर येईल," असं शेजारच्या सुमनताई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. रविवारी समाजमंदिरात माझ्या चित्रकलेच्या वर्गाला येणाऱ्या वस्तीतल्या मुलांची चित्रं लावली, तेव्हा मागच्या गल्लीतल्या वर्षालीचं चित्र मीच मधोमध लावलं. बंद दाराला पिवळंधमक कुलूप आणि खिडकीत ती. मी रंगांचं कौतुक करत बसले. तिचे बाबा मान खाली घालून निघून गेले.

तिची आई बाळंतपणाला गावी गेलीय, म्हणून ते कामावर जाताना पोरीला कोंडून जातात. आज तर खिडकीही बाहेरून बांधलीय, वर पत्रा तापलेला. हाक मारली तर म्हणाली, "काकू, तुम्ही जा. बाबा परत वर्गाला पाठवणार नाहीत."

त्यांचाही फोन तुमच्यासारखाच कंपनीच्या गेटवर जमा असतो. म्हणून चाकणला त्यांच्याकडेच चाललेय. चावी मागते, उद्यापासून तिला आपल्याकडे ठेवा म्हणते. भांडणार नाही. आपला गणराज सुमनताईंकडे आहे, त्याला नंतर आणा. ही चिठ्ठी वाचलीत की आधी तसेच वर्षालीच्या खिडकीशी जा आणि ती ओ देते का बघा.