तीन फुलांचं क्रियापद

अकोला,
६ सप्टेंबर २०२४

ती. बेबीआत्या यांस,
माधवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोळ्याच्या दिवशी मिळालं. तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या भावाला, आमच्या बाबांना, बोलता येत नाही, त्यामुळे आपल्या दोन घरांमुळे टपालवाल्याला बरे दिवस आले आहेत. तो परवा मला म्हणे, ताई, तुमच्याकडचं टपाल पाहून मले माया बाप आठवते.

बाबांचा पाय आता बरा आहे. धरून धरून अंगणापर्यंत येतात. उजवा हात अजून तसाच. पण खरं सांगू का आत्या, हातापायाचं काही वाटत नाही. आषाढात लकवा मारला तेव्हापासून त्यांनी काहीच मागितलेलं नाही. पाणी दिलं तर पितात, नाही दिलं तर मागत नाहीत. पंखा हवा की नको, भूक आहे की नाही, काहीच नाही. मनोज कामावरून आला की रोज त्यांच्यासमोर बसून विचारतो, बाबा, काय पाहिजे? ते त्याच्याकडे बघतात आणि मग भिंतीकडे बघतात. तेवढ्यानं तुमचा भाचा जेवणावरून उठतो.

काल शिक्षकदिन होता. बाबा इंग्रजी शिकवायचे त्या बाळापूरच्या शाळेतले त्यांचे जुने विद्यार्थी वाहेदभाई भेटायला आले. त्यांचं तिथे शिवणाचं दुकान आहे, दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी विचारलं, सर, मले ओयखलं का? बाबांनी ओळख दिली नाही. वाहेदभाई थोडा वेळ बसले, मग काय वाटलं कोण जाणे, उठले आणि वर्गात उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे राहिले. पोराच्या सुरात म्हणाले, ‘राइट’. आणि बाबा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, ‘रोट, रिटन’. अगदी स्वच्छ. मग ‘ब्रेक’ला ‘ब्रोक, ब्रोकन’. मग ‘सिंग’, मग ‘ईट’. मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. वाहेदभाई तर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

मनोज आला तेव्हा मी त्यालाही ऐकवलं. तो आनंदानं नाचेल असं वाटलं होतं. तो चहा न घेताच गच्चीवर गेला. नंतर म्हणाला, बाबांना माझं नाव येत नाही, पण इंग्रजीचा भूतकाळ येतो. आता मलाच कळत नाही की हे चांगलं लक्षण आहे की आजार डोक्यात चढला. तुम्ही थोरल्या बहीण, तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमच्या सूनबाईंना, गीतांजलीवहिनींना, माझा नमस्कार. माया आहेच तुमची, ती आता थोडी जास्त लागेल.

तुमची,
माधवी

अमरावती,
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. माधवीस,
बेबीआत्याचे अनेक उ. आ.

महालक्ष्म्यांच्या गर्दीत तुझं पत्र आलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबादेवीच्या रस्त्यावर सगळ्या बायकांना एकाच दिवशी हार हवे असतात, आणि प्रत्येकीला वाटतं माझ्याच महालक्ष्म्या तेवढ्या खोळंबल्या. म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही.

आजार डोक्यात चढलेला नाही. तू म्हणतेस ती क्रियापदं माझा भाऊ भगवंत शाळेत शिकला असं तुला वाटतं. ती त्यानं आमच्या दुकानात पाठ केली, आणि माझ्यामुळे केली.

मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. आमचे अण्णा, म्हणजे आमचे वडील पुंजाजी माळी, म्हणाले, आता बस झालं, फुलं ओव. भगवंत माझ्याहून लहान, पण इंग्रजीत मोठा. तो म्हणाला, ताई हार करते तर करू दे, मी तिले हारातच शिकवतो. पिवळा झेंडू म्हणजे क्रिया आज होते. केशरी झेंडू म्हणजे काल झाली. पांढरी शेवंती म्हणजे होऊन गेली. गो, वेंट, गॉन. पिवळं, केशरी, पांढरं, आणि सुई पुढे. ज्या क्रियापदाला नुसतं ‘एड’ लागतं त्याला एक पिवळं आणि दोन केशरी. आणि ‘कट’ न् ‘पुट’सारखी आळशी असतील त्यांना तिन्ही पिवळीच. तो एक शब्द म्हणायचा, मी पुढचे दोन म्हणत फुलं ओवायची. कधी मी म्हणायची, तो ओवायचा.

हार दिसायला असे सुंदर होत की गिऱ्हाईक नेमके तेच मागायचं. अण्णा मात्र ओरडायचे की शेवंती महाग आहे, काहून इतकी घालता, सोप्या सोप्या क्रियापदाचे हार करा. त्या वर्षी देवीच्या गळ्यात इंग्रजीचं अर्धं व्याकरण पडलं असेल. मी काठावर पास झाले आणि पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. इंग्रजीचा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नाही, पण शब्द एकही विसरले नाही.

तेव्हा मनोजला सांग, गच्चीवर बसून कबुतरं मोजू नकोस. बाजारातून तीन रंगांची फुलं आण आणि बापापुढे ठेव. पुढे काय होतं ते मला लिही.

पोराबाळांना पापा. जीव लावतेस तसा लावत राहा, तुझ्या सासऱ्याच्या वाट्याचाही मला दे.

तुझी,
बेबीआत्या

अकोला,
२ ऑक्टोबर २०२४

ती. बेबीआत्या यांस,
माधवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मनोजला वाचायला दिलं तेव्हा आमच्याकडे वेगळंच चाललं होतं. वाहेदभाईंनी ज्यांना सांगितलं त्यांनी पुढे दहा जणांना सांगितलं. लोक यायला लागले. बरेचसे मायेनं यायचे. पण एक जण मोबाइल समोर धरून बाबांना एकामागून एक शब्द टाकत बसला आणि प्रत्येक उत्तराला हसत होता. मनोजनं त्याला उठवलं आणि सगळंच बंद केलं. म्हणाला, माझा बाप काही जत्रेतला पोपट नाही. त्याचंही बरोबरच होतं. पण मग घर पुन्हा मुकं झालं.

त्यानं तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फुलं घेऊन आला.

पाटावर तिन्ही ढीग मांडले. बाबा बराच वेळ बघत राहिले. डावा हात पुढे आला आणि परत गेला. मग मी ‘गो’ म्हणून पिवळं फूल ठेवलं. त्यांनी केशरी उचललं, म्हणाले ‘वेंट’. पांढरं उचललं, म्हणाले ‘गॉन’. मी ‘वॉक’ म्हटलं तर दोन केशरी. आणि मग माझ्या हातून एक चूक झाली, म्हणजे बरंच झालं. ‘कट’ला मी सवयीनं शेवंती ठेवली. बाबांनी ती उचलून माझ्या मांडीवर टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, आत्या, की मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला त्यांचा धाक आठवला. मनोज मोठ्यांदा हसला. या घरात किती दिवसांनी कुणी हसलं.

म्हणजे बाबा आत आहेत. हे आता मनोजलाही पटलं आहे. बोलण्याच्या उपचाराला येणाऱ्या ज्योत्स्नाताईंनाही मी सारं दाखवलं. त्या म्हणाल्या, पाठ असलेलं आधी परत येतं, हे चांगलंच आहे. पण हे सगळं उत्तर देणं झालं. ज्या दिवशी ते स्वतः होऊन एखादा शब्द काढतील आणि त्यामागे त्यांची स्वतःची इच्छा असेल, त्या दिवशी वाट उघडली असं समजा. आम्ही त्या शब्दाची वाट बघून राहिलो आहोत. पाणी म्हणोत, नाहीतर मला शिवी देवोत.

भाऊबीजेला तुम्ही या. मनोज घ्यायला येईल. त्यांना माझ्या हातांपेक्षा, त्यांच्याकडून हारातले शब्द शिकलेले तुमचे हातच जास्त ओळखीचे असतील. येणारच या भरवशावर चकल्यांची भाजणी जास्त करते आहे, तेवढी आस मोडू नका.

तुमची,
माधवी

अमरावती,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. माधवीस,
अनेक उ. आ.

दसऱ्याचा झेंडू संपला आणि आज बसायला मिळालं. बोटं पिवळी झाली आहेत, कागदाला डाग पडले तर समजून घे.

तू बोलावतेस, आणि मी तुझं पत्र आल्यापासून काहीतरी कारण शोधते आहे. गीतांजली म्हणते की आई, तुमचं गुडघ्याचं दुखणं अकोल्याचं नाव काढलं की वाढतं. खोटं नाही. मी दवाखान्यात आले होते तेव्हा भगवंतनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. परक्या बाईकडून फिरवावं तसं. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. मला भीती वाटते, माधवी. त्यानं परत तसंच केलं तर मी ओवाळायचं कुणाला?

आणि समज त्याने काही म्हटलंच, तर मला कुठे ऐकू येणार आहे? यंत्र आहे, पण ते कानात शिट्ट्या मारतं, म्हणून डबीत ठेवलं आहे. मी लोकांचे ओठ बघून भागवते. एक बहिरी आणि एक मुका समोरासमोर बसवून तुम्ही काय साधणार ते मला कळत नाही.

तरी येते. भाजणीत ओवा जास्त घाल, त्याला आवडतो.

माझ्यावर लोभ ठेवा आणि माझ्याकडून फार आशा ठेवू नका.

तुझी,
बेबीआत्या

अकोला,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस,
अनेक उ. आ.

मी परत येणार म्हणून तू भाकरीचं पीठ जास्त मळलं असशील, तर ती भाकर गाईला घाल. मी आलेली नाही आणि एवढ्यात येतही नाही. सागरला सांग, तुझी आई पळून गेलेली नाही. काय झालं ते सांगते.

भाऊबीजेला भगवंतला पाटावर बसवलं. त्यानं तोंड फिरवलं नाही, पण ओळखही दाखवली नाही. मी ओवाळलं, त्यानं ओवाळून घेतलं, पाणी दिलं की पितो तसं. दुसऱ्या दिवशी आम्ही फुलं घेऊन बसलो. मी शब्द टाकायची, तो केशरी, पांढरी फुलं पुढे सरकवायचा आणि मी ओवायची. त्याचे ओठ मला वाचता येतात, कारण काय म्हणणार ते मला आधीच ठाऊक असतं. एका हाताचा तो आणि दोन हातांची मी, दाराचं तोरण पुरं केलं. मनोज म्हणाला की असं तोरण आख्ख्या अकोल्यात नाही. पण शब्द दर वेळी मीच टाकायची. माधवीचं तोंड पाहून मला कळायचं की ती कशाची वाट बघते आहे.

काल निघायचं होतं. वाहेदभाई मला बसस्टँडवर सोडायला गाडी घेऊन दारात उभे होते. मनोजनं बॅग उचलली. मी भगवंतच्या खाटेपाशी वाकून म्हटलं, येते मी. त्यानं डाव्या हातानं माझा पदर धरला. त्याचे ओठ हलले. ‘गो’.

मी आपली सवयीनं म्हटलं, ‘वेंट’. त्यानं मान आडवी हलवली. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. बहिऱ्या माणसाला सगळे बहिरेच वाटतात. मी मोठ्यांदा म्हटलं, ‘वेंट, गॉन’. त्यानं पदर सोडला आणि हात माझ्या तोंडावर ठेवला. पुन्हा म्हणाला, ‘गो’, आणि पुन्हा मान हलवली. नाही, नाही. आणि त्याचे डोळे भरून आले.

मला काही उमजेना. मी मनोजकडे वळले. तो दारात बॅग घेऊन उभा होता आणि काहीतरी म्हणत होता. ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ मी वाचले. आत्या, बाबा जाऊ नको म्हणून राहिले. मग त्यानं बॅग आत नेली, माधवीनं वाहेदभाईंना चहा दिला आणि मी भगवंतच्या खाटेवर टेकले.

आषाढापासून त्यानं काहीही मागितलेलं नाही. पाणीसुद्धा नाही. पहिल्यांदा मागितलं ते मला मागितलं. आता मी कशी नाही म्हणू, सांग.

माझी चार पातळं, गुडघ्याचं तेल आणि बीपीच्या गोळ्या सागरबरोबर पाठव. फडताळात वरच्या कप्प्यात ती डबी आहे, कानाच्या यंत्राची, तीही दे. सेल जास्तीचे घे. शिट्ट्या मारू दे त्याला हव्या तेवढ्या. आता हा आणखी काय काय मागतो ते मला कानानं ऐकायचं आहे.

दुकान सांभाळ, शेवंती जपून वापर. सासू घरात नाही म्हणून प्रेम कमी करू नकोस.

तुझी,
आई