भाकरीखालचं पत्र

ईट, ता. भूम
बुधवार, २३ एप्रिल २०२५

चि. वर्षाराणीस वहिनीकडून आशीर्वाद.

घरी सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. डबा सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय, रोजच्यासारखाच. वांग्याची भाजी आहे, शेंगाची चटणी आहे. पत्र मुद्दाम भाकरीखाली ठेवलंय. माझा फोन तुझ्या दादांच्या खिशात असतो, त्यामुळं फोनवर काही बोलायची सोय न्हाय.

दिवाळीला तू एक फॉर्म इथं विसरून गेलीस. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना मार्क कमी का पडतात, ते तुमच्या मॅडम शोधतायत म्हणं. तू खुणा केल्यास एसटीच्या प्रवासावर, खोलीतल्या गोंगाटावर, इंग्रजीवर. आन् 'घरच्यांचा पाठिंबा' ह्याच्यापुढं लिहिलंस, 'भरपूर'. लई हसले बघ मी. हसता हसता दूध उतू गेलं.

अगं बाई, एवढी एम.एस्सी. करतीस, तुला एक साधी गोष्ट कळू नये?

परीक्षेचं वेळापत्रक तूच आणून फडताळाच्या दारावर चिकटवतीस. पहिल्यांदा चिकटवलंस तेव्हा म्हणालीस, "वहिनी, ह्या तारखांना घरात काही काढू देऊ नका. तुमच्यावर सोडते." सोडलंस ना माझ्यावर? गोरोबामामा तुझ्यासाठी स्थळं आणतात, ते चहाला आले की विचारायचे, पाहुण्यांना कधी बोलवू? आण्णा म्हणायचे, सूनबाईला विचारा, तिला घरातलं ठाऊक. मी फडताळाकडं बघायची आन् तारीख सांगायची. तुझ्या पेपरची. दोन्ही वेळेला.

पहिल्या वेळेला तू रडलीस, तर आण्णा म्हणाले, पेपर परत देता येतो, स्थळ परत येत न्हाय. दुसऱ्या वेळेला तू ऐकणार न्हाईस म्हणून दादांनी आईला चक्कर आली, दवाखान्यात नेलंय असं सांगून तुला आणलं. गाडीवरनं रडत उतरलीस तर आई पोहे भिजवत होती. तू तोंड धुतलंस, साडी नेसलीस, पोहे दिलेस. पेपर गेला. खोटं कशाला बोलू, मला दोन दिवस वाईट वाटलं. मग न्हाय वाटलं.

असं दोन विषय राहिले तुझे. यंदा सुटले न्हाईत तर खोली सोडायची आन् बोहल्यावर उभं राहायचं, हे आण्णांचं ठरलंय. एक परवा दिलास. दुसरा उद्या.

तू विचारशील, वहिनी, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?

२०१६ चा मार्च आठव. माझ्या लग्नाला महिना झाला होता. बैठकीत आण्णांनी माझ्या वडलांना शब्द दिलेला, पोरीचं बी.ए. पुरं करू. पहिला पेपर होता. अणदूरवरनं माझा भाऊ हॉल तिकीट घेऊन आला होता, मी चपला घालून दारात उभी. तू आठवीत. दप्तर आपटलंस आन् आण्णांपुढं भोकाड पसरलंस, "वहिनी गेली तर माझा डबा कोण करणार?" आण्णा हसले. म्हणाले, ऐकलं का सूनबाई, लेकरू काय म्हणतंय ते. मी चपला काढल्या. मग बाकीच्या पेपरांचं कुणी नावच काढलं न्हाय.

संध्याकाळी डबा तसाच परत आणलास. मैत्रिणीचा वाढदिवस होता, केक खाल्ला म्हणालीस. ती भाकरी मी गाईला घातली.

लेकरू होतीस, कबूल. पण नंतर मोठी झालीस ना? एकदा तरी विचारायचंस, वहिनी, तुमच्या परीक्षेचं काय झालं?

आता उद्याचं. वाशीचे पाहुणे येतायत. ही तारीखही मीच दिली. दादा सकाळी आठला खोलीवर येतील. या वेळेला आईचं नाव न्हाय घेणार, आण्णांच्या छातीत दुखतंय म्हणतील. फोन करतील, रडतीलसुद्धा. आण्णा धडधाकट आहेत. आत्ता ओसरीवर सुपारी कातरतायत.

पेपर साडेदहाला. आठच्या आत कुलूप लावून निघालीस तर पेपर तुझा. दादा रिकाम्या हातानं परत येतील. उद्याचं हे छातीत दुखण्याचं नाटक आम्हा चौघांनाच ठाऊक आहे, आण्णा, आई, दादा आन् मी. कुणी फोडलं, हे त्यांना शोधावं लागणार न्हाय. दादांचा पट्टा तुला माहीत आहे. तो सुरू झाला की तू टीव्हीचा आवाज वाढवायचीस.

तुझी दया आली म्हणून सांगतेय असं समजू नको. मला बघायचंय. तेव्हा एकीकडं तुझा डबा होता आन् दुसरीकडं माझा पेपर. उद्या एकीकडं तुझा पेपर आहे आन् दुसरीकडं माझी पाठ. तू शिकलेली आहेस, तूच ठरव.

भाकरी मात्र खा. डबा धुऊन पाठव.

सत्यभामा
बी.ए. दुसरं वर्ष, पाचही विषयांत गैरहजर