अंगणातली हरळी

॥ श्री ॥
कारखाना वसाहत, पुणतांब्याजवळ
२८ सप्टेंबर १९७२

तीर्थरूप अण्णांच्या चरणी मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही उभयता खुशाल आहोत. तुमच्या जावयांना कारखान्यानं बंगला दिला हे मागं कळवलंच होतं. बंगला कसला, तीन खोल्या आणि पुढं अंगण. पण अंगणात लॉन आहे. लॉन म्हणजे गवतच, फक्त ते कापून कुणाला घालायचं नाही, नुसतं बघायचं. यंदा गळीत सुरू होताना, उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी, संचालक आप्पासाहेब बायकोसह आमच्याकडे चहाला यायचे आहेत. तोवर लॉनमध्ये दुसरी काडी दिसता कामा नये असा यांचा हुकूम आहे.

म्हणून उजाडलं की मी खुरपं घेऊन बसते. लव्हाळा उपटला की पातं हातात येतं आणि गाठ खालीच राहते, दोन दिवसांत पुन्हा हजर. फुलांच्या वाफ्यांत तांदुळजा नि घोळ माजलीय. काल पाटीभर तांदुळजा उकिरड्यावर टाकला आणि पुन्हा जाऊन भाजीपुरता मूठभर उचलून आणला. तिकडं पाऊस नाही, रानात हिरवं पान नाही, आणि मी इथं कॅनॉलचं पाणी गवताला पाजते. हात कामात असतात, जीव ठिकाणावर नसतो.

आईला पुढच्या पावसाळ्यापर्यंत इकडे पाठवा. तुम्ही नाही म्हणणार हे ठाऊक आहे, तरी लिहिते.

दोन ओळी का होईना, लवकर टाकाव्यात. माया आहे तशीच राहू द्यावी.
आपली मनकर्णा

॥ श्री ॥
खडकवाडी, ता. पाथर्डी
९ ऑक्टोबर १९७२

चि. सौ. मनकर्णा हीस अण्णा कारभारी याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. लान म्हणजे काय हे तिला सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. ती म्हणाली, खायचं न्हाई तर पेरलं कशाला? ते गवत कोणते ते तरी कळव.

इकडचे काय सांगावे? विहिरीत बादली बुडत नाही. तुझी आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. मी बैलांपाशी थांबतो. त्यांना बाभळीचा पाला झोडून घालतो. बैल माझ्याकडे असे बघतात की मान वळवून उभे राहावे लागते.

आईला पाठवायचे म्हणतेस. पोरी, लेकीला मूलबाळ होईतो तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही ही आपली रीत तुला काय नव्याने सांगायची? माझे मी कसेही जमवीन. पण तुझी आई, रंगुबाई, एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाही. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. जावईबापूंना आशीर्वाद सांगावा, आणि पत्राची वाट पाहायला लावू नये.
तुझा अण्णा

॥ श्री ॥
कारखाना वसाहत
२६ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप अण्णांस मनकर्णाचा नमस्कार.

आज खुशाली विचारत नाही, कारण तुम्ही ती खरी सांगत नाही. आपल्या गावचा कानिफनाथ मुकादम ऊसतोडीची टोळी घेऊन आलाय. त्याच्या बनुबाईनं मला बाजारात गाठून सांगितलं की आई खडी फोडताना चक्कर येऊन पडली आणि दोन बायकांनी तिला उचलून सावलीत नेलं. तुमच्या पत्रात बैल आहेत, बाभळीचा पाला आहे. आई पडली हे कुठंय? तेव्हापासून मी या दारातून त्या दारात फिरतेय. भाजी करपते, दूध उतू जातं. हे विचारतात काय झालं, तर यांच्यावरच ओरडते.

अण्णा, एक विचारू? लग्नाला सहा वर्षं झाली. मला मूल झालंच नाही तर तुम्ही दोघं जन्मभर माझ्या घरचं पाणी पिणार नाही? मग मी तुमची कोण?

रीत तर रीत. मीही तुमचीच लेक आहे. आपल्याकडे खुरपणाऱ्या बाईला मजुरी धान्यात मिळते आणि काढलेलं तण तिचंच असतं. आईनं माझ्याकडे खुरपायला यावं. मजुरीची बाजरी ती घेईल, तांदुळजा-घोळ तिच्या हक्काची, पाणी वसाहतीच्या नळाचं. यात लेकीच्या घरचं काय आलं? यांना अजून सांगितलेलं नाही. साहेबाची सासू मजुरीला म्हणजे यांच्या नाकाला मिरच्या झोंबणार, पण ते मी बघून घेईन.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, लॉन हरळीची आहे, जी तुम्ही जन्मभर रानातून खणून काढलीत तिचीच. हसा पोटभर.

उलट टपाली आई यावी, पत्र नको.
मनकर्णा

॥ श्री ॥
खडकवाडी
७ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मनकर्णा हीस आशीर्वाद.

आई पडल्याचे लिहिले नाही, कारण लिहायला बसलो की हात थांबे. तुझा राग शिरसावंद्य. तुझे पत्र तिला वाचून दाखवले तेव्हा ती जात्याला टेकून बसली. मग म्हणाली की कामाला म्हनती तर जाते, पाहुनी म्हनून न्हाई जायाची. उरलेली माणसे न्यायला कानिफनाथाचा ट्रक आला आहे, त्यातून धाडतो.

एक गोष्ट तुला कळलेली बरी. ती रीतीला चिकटून बसलीय असे तुला वाटते. मलाही वाटायचे. परवा बोलता बोलता बोलून गेली की आपन पानी प्यालो म्हंजी आपनच आशा सोडली असं व्हईल. देवाला वाटंल, आता हिलाच नको हाय तर आपन कशाला द्यावं? तू पण तिला पाण्याचा आग्रह करू नकोस.

लान हरळीची आहे हे तिला मी सांगितलेले नाही. हरळी खणता खणता तिच्या हाताला घट्टे पडले, आणि पगारदार माणूस दारात हरळी पाळतो म्हटल्यावर ती ट्रकात चढायची नाही.

तिला सांभाळ, तूही सांभाळून राहा. आमचा जीव तिकडेच आहे असे समजावे.
अण्णा

॥ श्री ॥
कारखाना वसाहत
२० नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी राधाकृष्णचा साष्टांग नमस्कार.

आजवर पत्र लिहायचं काम मनकर्णाचं होतं. आज ती लिहायच्या स्थितीत नाही, म्हणून मी लिहितो. घाबरू नये, सगळे धडधाकट आहेत.

मामी आल्यापासून घराच्या मागं तीन दगड मांडून स्वतःची भाकरी थापतात. शेती अधिकाऱ्याच्या बंगल्यामागं धूर निघतो आणि शेजारी कुंपणावरून माना काढतात. मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा मनकर्णानं माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी सोडला. मागच्या वाफ्यांतलं तण त्यांनी चार दिवसांत निपटलं. पुढं मात्र साहेब लोकांची ये-जा असते म्हणून त्या फिरकत नसत.

परवा कोपरगावला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. मनकर्णाची जायची इच्छा नव्हती, मीच नेली. एक रात्र राहून परत आलो तर फाटकापासून पायरीपर्यंत लॉन नाही! मामींनी बनुबाई आणि टोळीतल्या चार बायका हाताशी घेऊन सगळी हरळी काशांसकट, जमिनीतल्या गाठाळ मुळ्यांसकट, खणून काढली. धुऊन, पेंढ्या बांधून, तुमच्या बैलांसाठी ओळीनं लावून ठेवल्या होत्या. मामी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या की जावयाच्या दाराम्होरं हरळी बघून लोक नावं ठिवतील, म्हनून मोकळं केलं.

मी तोंडातून शब्द काढला नाही. तीच चूक झाली. मनकर्णा रडू लागली, आणि काय बिघडलं ते मामींना तिच्या रडण्यातून कळलं. तेव्हापासून त्या गाठोडं बांधून बसल्या आहेत, परत खडीवर जाते म्हणतात. मी जाऊ नका म्हटलं की मनकर्णाला वाटतं मी वरवर म्हणतो. शनिवारी आप्पासाहेब येणार आणि दारात उघडी माती! मला उसाच्या फडात चैन पडत नाही आणि घरी यावंसं वाटत नाही. काय करू ते मोठेपणानं सांगावं.

पेंढ्या ट्रकातून पाठवत आहे. चूकभूल पोटात घालून आशीर्वाद द्यावा.
आपला राधाकृष्ण

॥ श्री ॥
कारखाना वसाहत
४ डिसेंबर १९७२

तीर्थरूप अण्णांस मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

यांनी तुम्हाला लिहिलं हे मला नंतर कळलं. आप्पासाहेब आले त्या शनिवारचं सांगते.

उघड्या मातीवर सडा टाकून खुर्च्या मांडल्या. आप्पासाहेबांना लॉन आहे की नाही याचं भानही नव्हतं. बसल्यापासून साखरेच्या उताऱ्याचं, रिकव्हरीचं बोलत होते. आमचाच जीव उगाच टांगलेला. पण त्यांच्या बाईंनी मला मुलं किती ते विचारलं. नाही म्हटल्यावर वर्षं किती झाली ते विचारलं. मग घर बघते म्हणून मागच्या दारी गेल्या. तिथं आई बांधलेलं गाठोडं शेजारी ठेवून तीन दगडांपाशी बसलेली. ही कोण, इथं का रांधते, सगळं खोदून विचारलं त्यांनी. मी खरं ते सांगितलं. त्यावर त्या आईला म्हणाल्या की बरोबर करता हो तुम्ही, जिथं पाळणा हलला नाही त्या घरचं पाणी घेऊच नये.

अण्णा, मला वाटलं जमीन दुभंगावी. आई उठली. हाताची राख झटकली आणि त्या बाईंच्या देखत, पार पुढं आप्पासाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मने, पानी आन गं, तुझ्या माठातलं. तिनं पुन्हा सांगितलं तेव्हा मी आत गेले. तांब्या भरताना अर्धं पाणी अंगावर सांडलं. तिनं तो तांब्या माझ्या हातून घेतला आणि उभ्यानं रिकामा केला. मग दुसरा मागितला. बाई पुढं निघून गेल्या.

सगळे गेल्यावर मी विचारलं, आई, तू माझी आशा सोडलीस का गं? तर माझ्यावरच खेकसली. म्हणाली, आशा-बिशा मला इचारू नगं. सहा वरसांची तान हुती, लई लागली हुती. मग मी तिच्या कुशीत तोंड घालून रडले, आणि तीही रडली. सहा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ती आता आमच्यातच जेवते. मिठाला नावं ठेवते. खाली राहिलेल्या काशांना कोंब फुटून अंगण ठिकठिकाणी हिरवं दिसू लागलंय. हे खुशीत आहेत आणि आई खुरपं हातात घेऊन चडफडते. दोघांच्या मध्ये मी.

बैलांनी पेंढ्या खाल्ल्या का? तुमची भाकरी कोण करतं? आता मला तुमचा घोर लागलाय. आशीर्वादाची धनी,
मनकर्णा

॥ श्री ॥
खडकवाडी
१२ डिसेंबर १९७२

चि. सौ. मनकर्णा आणि चि. राधाकृष्णराव यांस आशीर्वाद.

पत्र उभ्या उभ्या वाचले आणि मग बसून वाचले. पेंढ्या बैलांनी चार दिवस पुरवून खाल्ल्या. भाकरी माझी मी थापतो, बैल बघतात, नावे ठेवत नाहीत.

रंगुबाई तुझ्या घरचे पाणी प्यायली आणि मी इकडे रीत धरून बसलो तर ती मला घरात घ्यायची नाही. खरे सांगायचे तर, मने, मलाही तुझे घर कधी नीट बघता आले नाही. तुमच्या आधीच्या बिऱ्हाडी आलो की दारापाशी उभ्यानेच खुशाली विचारून फिरायचो, आणि हा बंगला तर पाहिलाच नाही. बैल शेजारी पुंजारामाच्या दावणीला बांधून येत्या रविवारच्या एस.टी.ने नगरला येतो, तिथून आगगाडी. दुपारपर्यंत पोचेन.

शिदोरी बांधून आणत नाही. पान वाढून ठेवावे.
तुझा अण्णा