कूलरचा कंडेन्सर आणि माझं फिजिक्स

रिसाली, भिलाई
१२ जून

वडील बंधू बळीरामभाऊंना धाकट्या कौशल्येचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? गोंदिया स्टेशनचा तो जिना दिवसातून किती वेळा चढता? टीसीने खुर्चीत बसून तिकिटं तपासावीत असा नियम रेल्वेने अजून केलेला नाही, हे मलाही कळतं. पण बिनतिकिट्यांच्या मागे धावणं आता पुरे. ममतावहिनींची शुगर कशी आहे? (फोनवर त्या "चांगली आहे" म्हणतात, म्हणजे वाढलेली असणार.) आम्ही इकडे सुखरूप. पत्राला तसं खास कारण काही नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, एवढंच.

मागच्या वर्षी मी ओपन स्कूलमधून बारावीचा फॉर्म भरला तेव्हा तुम्ही हसून विचारलं होतं, "आता या वयात कावून? कलेक्टर बनतं का?" नाही बनत, भाऊ. पण फिजिक्समध्ये चार मार्कांनी नापास झाले आणि ती बातमी तुम्ही साऱ्या नातेवाइकांत स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखी तीन-तीन वेळा ऐकवली, म्हणून यंदा परत बसले.

मास्तर घरातच होता. तुमचे जवाई, म्हणजे आमचे हे, तेजराम, सव्वीस वर्षं स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यात आहेत, मोटारीचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगतात. पण पुस्तकाशी त्यांचं वाकडं. करंट म्हणजे कालव्यातलं वाहतं पाणी, व्होल्टेज म्हणजे त्याला पुढे ढकलणारा उतार, रेझिस्टन्स म्हणजे मधला गाळ, इथवर आमचा संसार सुखाने चालला. मग पुस्तकात आलं की करंट प्लसकडून मायनसकडे जातो असं आपण धरतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन चालतात उलटे, मायनसकडून प्लसकडे. मी हे जेवताना वाचून दाखवलं, तर यांनी ताट बाजूला सारलं. "सव्वीस साल झाले करंट देऊन राहिलो मी, एका इलेक्ट्रॉननं तक्रार नाही केली!" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांना बोलावंच लागलं.

त्यानंतर आला कपॅसिटर. आमच्या हिंदी पुस्तकात त्याला संधारित्र म्हणतात, आणि पंखे-कूलरवाले कंडेन्सर म्हणतात. धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर, मध्ये वीज न जाऊ देणारा पडदा. एकीवर जेवढा प्लस चार्ज, तेवढाच दुसरीवर मायनस. ओढ भारी, पण भेट नाही. व्होल्टेज जितकं वाढवाल तितका चार्ज जास्त साठतो, आणि एका व्होल्टमागे किती साठला, तो झाला कपॅसिटन्स. त्याचं माप फॅरड. एक फॅरड भरायला आमच्या कूलरमधल्या डबीसारख्या अडीच लाख डब्या लागतील! हे गणित माझं मला सुटलं त्या दिवशी मी उगाचच दोनदा चहा केला.

मग एप्रिलातल्या एका रविवारी कूलर बसला. नुसता गुणगुणायचा, पंखा फिरेना. हे बाजारातून नवा कंडेन्सर घेऊन आले. तो तपासायची मिस्त्री लोकांची रीत अशी की त्याच्या दोन तारा क्षणभर सॉकेटात द्यायच्या, बटण बंद करून काढायच्या आणि एकमेकींना टेकवायच्या. चट् करून ठिणगी उडाली की माल चांगला. (ही रीत पुस्तकात नाही. तुम्हीही करू नका.) यांनी तारा सॉकेटातून काढल्या आणि टेकवणार, तोच दारात अरुणकुमार सर! ते आमच्या अभ्यास केंद्रावर फिजिक्स शिकवतात. जुनवानीहून एवढ्या उन्हात माझी प्रॅक्टिकलची फाइल द्यायला आले होते. यांनी डबी टेबलावर ठेवली आणि आत खुर्ची आणायला गेले.

सरांना टेबलावर कंडेन्सर दिसला आणि शिकवायचा मोह झाला. "देखिए कौशल्याजी," म्हणत त्यांनी फाइल बगलेत मारून दोन्ही तारा उचलल्या. मी ओरडले, "सर, उसमें चार्ज है!" सर हसले. "सप्लाई बंद है, मैडम. करंट ज़ीरो..." पुढचा शब्द आलाच नाही. सर मागे उडाले ते कूलरची जाळी धुवायला भरून ठेवलेल्या टबात जाऊन बसले. तेवढ्यात हे बाहेर आले आणि म्हणाले, "सर, खुर्ची आनली ना मी!"

मी धावले. सरांना काही झालं तर? आणि (लाज वाटते, पण सांगते) माझी फाइलही टबातच होती. नशिबाने सरांना नुसता झटकाच बसला होता. यांची लुंगी नेसून, चहाचा कप धरून ते त्याच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "अब आप बताइए, हुआ क्या?"

मी सांगितलं. बटण बंद केलं, करंट थांबला. पण पट्ट्यांवर साठलेला चार्ज कुठे जाणार? वाट मिळेपर्यंत तो तिथेच थांबला. आज त्याला सर मिळाले. सर खाली बघून हसले आणि ओल्या फाइलवर सही केली. ते गेल्यावर हे हळूच म्हणाले, "हे मले आज समजलं. इतके साल मी फक्त ठिणगीच पाहिली."

निकाल मंगळवारी लागला. फिजिक्समध्ये एकसष्ट. ही अनाउन्समेंटही तीन वेळा करावी.

वहिनींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला तेल.

तुमची बहीण,
कौशल्या (बारावी पास)

ता. क. तुमच्या नीतूलाही यंदा बारावीत ब्याऐंशी टक्के पडले, हे मला वहिनींकडून कळलं. तुम्ही मुलीचे मार्क सांगितले नाहीत, उतईचं स्थळ सांगितलं. मुलगा मी पाहिला आहे. चांगला आहे. तीन वर्षांनीही चांगलाच राहील.

आणखी एक. नीतू मामाकडे गेलेली नाही. परवापासून माझ्याकडे आहे. वहिनींनीच तिला गाडीत बसवून दिलं. (रीतसर तिकीट काढून. टीसीची अब्रू राखली आहे.) इथे राहून शिकेल, आम्हाला जड नाही.

शेवटचं. दुर्गच्या कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म सोबत आहे. पेन्सिलची फुली आहे तिथे वडिलांची सही लागते. परतीचं पाकीटही आहे, तिकीट लावलेलं. सही काळ्या शाईने करा. निळी चालत नाही.